पहिल्यांदाच घाटात गाडी नेताना

परवाना मिळून चारच महिने झाले असले, तरी पावसाळ्यात ताम्हिणीमार्गे कोकणात उतरण्याचा तुमचा बेत सोडण्याचे कारण नाही. सुरुवातीला मोजक्या सवयी लावून घ्या, बाकीचे बारकावे पुढे समजत जातील.

सर्वांत महत्त्वाचा उतार. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची चूक अनेक नवशिके करतात (मीही केली आहे). तसे केल्याने इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. मी पायथ्याशी पोहोचलो, तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. म्हणून ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक वळणात नव्हे, वळणाआधी लावावा.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी; तसा नियमच आहे. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवावेत, कारण हाय बीमचा प्रकाश धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत, अन्यथा तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

मागचा घाई करत असेल, तर रुंद जागा पाहून त्याला पुढे जाऊ द्या. चढावर थांबून हँडब्रेकच्या आधाराने पुन्हा निघण्याचा सराव मात्र घराजवळच्या एखाद्या चढावर आधीच करून घ्या.