पुण्यात पेठेतल्या देवस्थानाच्या जागेवर विकास आराखड्यात महापालिकेचं आरक्षण आहे, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली आहे. महापालिका ती जागा खरंच घेऊ शकते का? भाडेकरूंनी बाजू कोणाची घ्यावी?

घेऊ शकते. देवाच्या जागेला कोणी हात लावत नाही हा पेठांमधला जुना गैरसमज आहे. इस्माईल फारुकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितलंय की धार्मिक स्थळाची जागाही सरकारला संपादन करता येते. माझे काका म्हणतात, तो निकाल मशिदीचा. असू दे. कायदा दारात घंटा आहे की नाही ते बघून बदलत नाही.

पण तुम्ही बाजू कोणाची घ्यावी असं विचारलंत, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर नारायण पेठेत, एका देवळाच्या मागच्या वाड्यात. देवाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर बोळ सापडेल. अकरा बिऱ्हाडं. प्रॉपर्टी कार्डावर मालक म्हणून खुद्द देव, खाली वहिवाटदार, म्हणजे कारभार बघणारे. कायद्याच्या लेखी देव कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असतो, त्याचं सगळं विश्वस्तांनी बघायचं. आमच्या विश्वस्तांनी भाडं तेवढं बघितलं, आणि तेही पावती न देता. १९६१ ला पानशेतच्या पुरात मागची भिंत गेली, ती आजोबांनी आणि शेजाऱ्यांनी वर्गणी काढून बांधली. पुढे दुरुस्तीचं काढलं की ठरलेलं उत्तर यायचं, ‘उद्यानाचं आरक्षण आहे, पाडायच्या वाड्यात पैसे कशाला घालायचे?’ हे आरक्षण १९८७ च्या आराखड्यातलं. उद्यान काही झालं नाही, वाडा मात्र वाकत गेला.

२०१३ मध्ये नवा आराखडा प्रसिद्ध झाला, हरकती-सूचना मागवल्या. आमच्यावर पुन्हा तोच हिरवा रंग. त्या गुरुवारी आरतीनंतर विश्वस्तांनी एक हरकतीचं पत्र फिरवलं, सोबत पेढे. आरक्षण उठवा, देवाची जागा वाचवा. काकांनी एका संध्याकाळीत अकराही घरांच्या सह्या गोळा केल्या, माझ्या आईचीसुद्धा. मी त्या दिवशी माहेरी होते म्हणून पत्र निदान कोणीतरी वाचलं. दुसऱ्याच परिच्छेदात होतं, ‘सदर मिळकत मंदिर व त्यालगतची मोकळी जागा अशी असून तिचा वापर केवळ धार्मिक कारणासाठी होतो.’

मोकळी. केवळ.

आराखड्याच्या नकाशात आम्ही नव्हतो, ते एक वेळ चालेल. नकाशावाल्याला आम्ही कुठे माहीत? पण ज्यांना तीन पिढ्या भाडं दिलं त्यांच्या पत्रातही आम्ही नव्हतो, आणि आम्ही तिथे नाही असं सांगणाऱ्या कागदावर सह्या आमच्याच. काकांना वाक्य बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, ‘वकिली भाषा असते ती. तू आता सासरची, तुला इथलं काय पडलंय? आणि सही मी देवासाठी केली आहे, ट्रस्टसाठी नाही.’ आई उठून चहा टाकायला गेली. आमच्याकडे मोठ्या दिरापुढे बोलायची पद्धत नव्हती.

२०१५ च्या पावसाळ्यात ती वर्गणीची भिंत बसली. कोणाला लागलं नाही. वाडा रिकामा केला, आई माझ्याकडे आली. नवीन बांधकामात खोल्या मिळतील असं विश्वस्त तोंडी सांगत राहिले, लिहून मागितलं की ‘देव बघतोय’. शेवटी लघुवाद न्यायालयात गेलो. तिथे ट्रस्टच्या वकिलांनी काय काढलं असेल? तेच २०१३ चं पत्र. जागा मोकळी असल्याचं भाडेकरूंनीच लिहून दिलंय, साहेब. पहिली सही काकांची, चांगली ठसठशीत.

म्हणून सांगते, बाजू कोणाचीच घेऊ नका. आणि या भांडणात श्रद्धा शोधू नका. आरक्षण असलं की पालिकेला पैसे न देता जागा अडवून ठेवता येते आणि ट्रस्टला दुरुस्ती टाळता येते. भांडण मिटलं तर दोघांचीही पंचाईत.

एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२७ नीट वाचा. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही तर पालिकेला खरेदीची, म्हणजे ‘जागा घ्या’ अशी नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे २०२७ पासून पेठांत या नोटिसांची रांग लागणार. तेव्हा ‘देवाची जागा सुटली’ म्हणून पेढे येतील. खाऊ नका. आरक्षण सुटलेली जागा बिल्डरच्या कामाची असते. ट्रस्टला ती विकायला किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे खरं. २०२५ मध्ये मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगचा व्यवहार गाजला आणि रद्द झाला, तेव्हा अख्खं पुणं कलम ३६ बोलत होतं. पण तिथे आख्खा समाज रस्त्यावर उतरला होता. अकरा बिऱ्हाडांसाठी कोण उतरतंय?

आपल्या खोल्यांची मापं आजच लेखी घ्या, वीजबिल स्वतःच्या नावावर ठेवा, भाडं बँकेतून पाठवा. आणि हरकत द्यायची तर स्वतंत्र द्या, आपल्या नावाने, इथे राहतो असं पहिल्या ओळीत लिहून. काकांना मी त्या दिवशी एवढंच सांगत होते.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. कलम १२७ मध्ये मालकाबरोबर ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असेही शब्द आहेत, त्यात भाडेकरू बसतो का ते तुमच्या वकिलांना विचारा. आणि सगळी देवस्थानं आमच्यासारखी नसतात. आमच्याच पेठेत एका लहान देवळाच्या विश्वस्तांनी आधी भाडेकरूंशी करार नोंदवले आणि मग वाडा उतरवला.

आमच्या ‘केवळ धार्मिक’ जागेत सध्या ट्रस्टचं पे अँड पार्क आहे. काका धायरीहून अजून दर गुरुवारी दर्शनाला येतात. परवा त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या जागेवर स्कूटर लावली, दहा रुपये दिले, आणि त्यांना पावती मिळाली. त्या जागेची आमच्या घराण्याला मिळालेली ही पहिली पावती. मी हसले तर म्हणाले, ‘देवाला दिले असं समज.’ शिक्का ट्रस्टचा आहे. मूळ पावती मी मागून घेतली आहे, पुढच्या तारखेला लावायची आहे.