कथालेखनाच्या कार्यशाळेसाठी शुल्क भरावे का?

आदरणीय महोदय,
स. न. वि. वि.

आपली कन्या शिवाजी विद्यापीठात मराठी विषयात एम. ए.च्या अंतिम वर्षाला आहे, तिच्या दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या, परंतु गेल्या वर्षभरात तिच्या हातून एकही कथा पूर्ण झाली नाही, आणि आता ती पुण्यातील पाच दिवसांच्या निवासी कथालेखन कार्यशाळेचे शुल्क मागत आहे, असे आपण कळवले आहे. कथा लिहिणे शिकवून येते का, आटलेले लेखन पाच दिवसांत पुन्हा सुरू होते का आणि पुढे यावर पोट भरेल का, असे आपण विचारता.

आपला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा व्यवसाय आहे, म्हणून पहिले उत्तर त्याच भाषेत देतो. नव्या पोराला आपण लेथवर व्याख्यान देत नाही; त्याने केलेला जॉब हातात घेऊन मायक्रोमीटर लावता आणि माल कुठे जास्त निघाला ते दाखवता. कथेची चांगली कार्यशाळा हेच करते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. सहभागी लेखकांच्या कथा सर्वांनी आधी वाचून यायच्या, मग एकेका कथेवर चर्चा करायची आणि ती चालू असताना तिच्या लेखकाने गप्प बसायचे, असे तिचे साधारण स्वरूप असते. कथा नक्की कोणाच्या नजरेतून सांगितली आहे, ती दोन पाने उशिरा सुरू केली असती तर काय बिघडले असते, जो प्रसंग डोळ्यांसमोर घडायला हवा होता तो लेखिकेने एका वाक्यात उरकला का, असे प्रश्न तेथे निघतात. लेखिकेला जे म्हणायचे होते ते वाचकापर्यंत पोहोचलेच नाही, हे तिने गप्प बसून ऐकणे कठीण असते; पण एवढे एक कळले तरी शुल्क वसूल झाले असे मी मानतो. या पद्धतीचा दोषही सांगायला हवा. दहा जणांची दहा मते ऐकून नवखा लेखक प्रत्येकाला खूश करणारी, कोणालाच न खुपणारी कथा लिहू लागतो, आणि हा धोका मला लहान वाटत नाही.

त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एवढेच विचारावे की सहभागींची संख्या किती, हस्तलिखित आधी मागवणार का, आणि मार्गदर्शक ते स्वतः वाचून लेखी शेरे देणार का. दहा-बारा जण असतील आणि उर्वरित दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर ती कार्यशाळा शुल्क भरण्याजोगी आहे. साठ जण सभागृहात बसणार असतील, तर ती व्याख्यानमाला आहे. नामवंतांसोबतची छायाचित्रे आणि प्रमाणपत्र यांपलीकडे हाती फारसे लागणार नाही.

आटण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या एक-दोन कथा बहुधा घरातल्या, लहानपणापासून साचलेल्या अनुभवावर निघतात. तो साठा संपला की लेखकाला वाटते, आपली प्रतिभाच गेली. अशा वेळी निवासी कार्यशाळेतील एकांतापेक्षा नवे ऐकणे-पाहणे जास्त उपयोगी पडते. तिने शाहू मार्केट यार्डातील गुळाचे सौदे ऐकावेत, आपल्याच कारखान्यातील कामगार जेवणाच्या सुट्टीत काय बोलतात ते त्यांच्याच बोलीत टिपावे, २०१९ च्या महापुराबद्दल नदीकाठच्या एखाद्या कुटुंबाला विचारावे. तिच्या छापून आलेल्या कथांची कात्रणे आपण पाठवली, ती मी वाचली. त्यांतली कोल्हापूरची माणसे पाठ्यपुस्तकासारखी बोलतात, आणि हे तिला कोणीतरी सांगायला हवे होते. कार्यशाळांमध्ये करून घेतात तो एक सराव घरीही होतो: त्यांपैकी एक कथा तिने दुय्यम पात्राच्या तोंडून पुन्हा लिहावी. नवे कथानक सुचण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे थांबलेला हात चालू लागतो.

पोटाच्या प्रश्नावर मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. मराठीत केवळ कथा लिहून घर चालवणारे लेखक विरळा. ज्ञानपीठ मिळवणारे वि. स. खांडेकरही १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याला शाळेत शिकवत होते आणि शिकवता शिकवताच लिहीत होते. आपल्या कन्येने प्राध्यापकपदासाठी लागणाऱ्या नेट किंवा सेट परीक्षेची तयारी सोडू नये. अनुवाद, प्रकाशन संस्थेतील संपादन आणि मालिकांचे संवादलेखन येथेही तिला काम मिळू शकते, आणि मसुदा निर्दयपणे दुरुस्त करण्याची सवय या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडते. पुढे संग्रह तयार झाल्यास महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते, हेही लक्षात असू द्यावे.

कार्यशाळा वरील कसोटीला उतरली तरी तूर्त शुल्क भरू नये, असा माझा सल्ला आहे. वर्गातील चार-पाच लिहिणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा एकत्र बसून परस्परांच्या कथा वाचाव्यात. त्याला खर्च येत नाही. तीन-चार महिन्यांत एखादा नवा, अर्धा-कच्चा का होईना, पण पूर्ण मसुदा तिच्या हाती आला की मग कार्यशाळेसाठी अर्ज करावा आणि अर्जासोबत तोच पाठवावा. छापून आलेली कथा पाठवण्याचा मोह होईल, पण त्या कथेवर कोणी कितीही नेमके बोट ठेवले तरी ती दुरुस्त करायला आपल्या कन्येचे मन घेणार नाही.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर