अनुदान मिळालं तर हातमागाच्या साड्यांना गिऱ्हाईक मिळतं का?

येवल्याला तुमच्या मामांचे दोन हातमाग आहेत, पैठण्या तुम्ही पुण्यात विकता, ओळखीपाळखीतली गिऱ्हाइकं आता संपली आणि सरकारी अनुदानातून नवीन मिळतील का, असं तुम्ही विचारलंय.

मिळतील, पण अनुदान कशासाठीचं आहे ते बघून घ्या. जो तो आधी पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं नाव सांगतो. ती मुळात कर्जाची योजना. सबसिडी १५ ते ३५ टक्के असते खरी, पण ती ३ वर्षं बँकेतच अडकून राहते. शिवाय ती नव्या उद्योगासाठी आहे, मामांचे माग तर चालू आहेत. आणि तुमचा माल खपत नाहीये, माग कमी पडत नाहीयेत! पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची योजनाही कुणीतरी सुचवेल. त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, हातमाग विणकर नाही.

तुमच्या कामाची आहे ती केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मंत्रालयाची खरेदी व विपणन साहाय्य योजना. मंजूर व्यापारी प्रदर्शनात स्टॉल घेतला की ठरलेल्या मर्यादेत भाड्याचे ८० टक्के परत मिळतात. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना त्याच मर्यादेत पूर्ण भाडं. त्याला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी लागते. ती फुकट होते, एजंटाला दमडी देऊ नका. इथे एक मेख आहे. तुम्ही नुसत्या विक्रेत्या म्हणून नोंद केलीत तर फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या (बँकांनी ज्यांना कर्ज द्यायलाच हवं अशा क्षेत्रांतल्या) कर्जापुरता, बाकी योजना बंद. तेव्हा नोंद माग असणाऱ्याच्या नावावर, उत्पादक म्हणून व्हायला हवी. मामी मागावर बसत असतील आणि उद्योग खरोखरच त्यांच्या नावावर करता येत असेल तर घरात बोलून बघा.

आता गिऱ्हाइकाचं. मी इरकली विकते, पुण्यातल्या प्रदर्शनांत स्टॉल लावते. एकदा शेजारी येवल्याचे एक विणकर होते. त्यांनी स्वतःच्या पैठणीशेजारी मुद्दाम एक यंत्रमागावरची सेमी पैठणी ठेवली होती. ‘लक्ष्मी रोडला अशीच तीन हजारात मिळते’ असं कुणी म्हणालं की ते वाद घालायचे नाहीत, दोन्ही पदर उलटे करून ठेवायचे. सेमीच्या मागे मोराखाली सुटलेल्या धाग्यांचं जंजाळ, हातमागाचा मोर मात्र उलट बाजूनेही जवळजवळ तसाच. बायका त्यावरून बोट फिरवायच्या आणि घासाघीस तिथेच थांबायची. हे फोटोत दाखवता येत नाही, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिला पैसा वेबसाइटवर नको, स्टॉलवर घाला.

त्यांची वही तर मला जास्त आवडली. नाव, फोन, रंग, किती बजेट, लग्न कधी. ‘मोरपंखी, मुलीचं, मार्गशीर्षात’ अशा नोंदी. त्या दिवशी साडी घेतली नाही तरी नोंद व्हायची. पैठणी विणायला नक्षीप्रमाणे आठवडे, कधी महिनेही जातात, त्यामुळे आगाऊ रक्कम घेऊन विणलेली साडी तुम्हाला परवडते, कपाटात पडलेली नाही. स्टॉलचं भाडं सरकारने भरलं तरी ही वही तुम्हालाच भरावी लागते. (पुणेकर ‘बघून सांगते’ म्हणतात ते दर वेळी नकार नसतो, दिवाळीआधी एकदा फोन करा.)

भाडं मात्र आधी खिशातून जातं, परतावा नंतर येतो आणि लवकर येईल असं धरून चालू नका. तेवढी रक्कम बाजूला असेल तरच उतरा. पावत्या, स्टॉलचे फोटो, आयोजकाचं पत्र सगळं जपून ठेवा. कोथरूडच्या हॉलमधली दोन दिवसांची प्रदर्शनं यात बसतीलच असं नाही, त्यामुळे आयोजकाला पैसे देण्याआधी ते प्रदर्शन मंजूर यादीत आहे का, हे एमएसएमई कार्यालयात विचारून घ्या.