आजीचं इरकल, हळदीचा डाग आणि घडीवरची चीर

प्रश्न : आजीचं लग्नातलं नऊवारी इरकल आईकडून माझ्याकडे आलं. अंग सुती, पदर लाल रेशमी. पदरावर हळदीचा डाग आहे, घडीवर दोन ठिकाणी चीर गेलीय. धुऊन, रफू करून लेकीला लग्नात नेसवता येईल का?
– एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : नेसवू नका. काष्ट्याचा ताण त्या कापडाला आता झेपायचा नाही. चिरांना अस्तर लावून घेतलंत, तर विधीपुरतं खांद्यावर घेता येईल.

धुण्याची तर घाईच नको. पाण्यात सूत आणि रेशीम सारखं आटत नाही. शिवाय जुना लाल रंग सुटतो. पांढरा सुती कपडा ओला करून पदराच्या आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून पाहा, लाली उतरली तर विषय संपला. हळदीला साबण लागला की डाग तांबडा होतो. तो राहू द्या; लग्नातलीच हळद असेल ती.

रफू घट्ट बसतो आणि शेजारचं जीर्ण कापड ओढून फाडतो. त्यापेक्षा धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा तुकडा, चिरेपेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठा, मागून लावा. बारीक सुई, एकेरी रेशमी धागा, अर्ध्या इंचावर एक टाका, तोही शाबूत कापडातच. इस्त्रीने चिकटणारं अस्तर नको. त्याचा गोंद पुढे पिवळा पडतो, कडक होतो. टोपपदराचा जोडही, म्हणजे अंगाला पदर जोडलेली जागा, निरखून पाहा. अंगाच्या आणि पदराच्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, फास तिथे एकमेकांत अडकवलेले असतात. एखादा सुटलेला दिसला तर ओढू नका, तिथेही मलमलच लावा.

ठेवताना घडी घालूच नका, चिरा तिथेच पडल्यात. कापडाच्या दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी आणा, साडीच्या पन्ह्यापेक्षा थोडी लांब. तिच्यावर धुतलेला मांजरपाट गुंडाळा, मग साडी, वरून पुन्हा मांजरपाट. खळ राहिलेल्या कापडाला कसर लागते, म्हणून मांजरपाट दोनदा धुवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. वर्षातून दोनदा सावलीत उलगडा. आपल्याकडचं ऊन रेशमाला फार कडक.

शेवटी सुती फितीवर पेन्सिलीने आजीचं नाव, माहेर आणि लग्नाचं साल लिहा, डागाबद्दलही एक ओळ असू द्या. शाई ओल लागली की पसरते. फीत वरच्या मांजरपाटाला टाचा, साडीला नको. आईला आज विचारून घ्या.