छपाईसाठी जेपीईजी कितव्या क्वालिटीला सेव्ह करावी?

तुम्ही विचारलंय की पुस्तकाचं मुखपृष्ठ छापायला द्यायचंय, तर जेपीईजीची क्वालिटी किती ठेवू, आणि मधल्या नि वरच्या आकड्यात खरंच फरक दिसतो का. दिसतो. मला तो माझ्या आईच्या कवितासंग्रहावर दिसला, म्हणून लिहायला बसले.

मुखपृष्ठ मीच केलं होतं. गर्द हिरव्या पानांचा फोटो, त्यावर लाल अक्षरांत शीर्षक. टिफ, म्हणजे तपशील न गाळणारी मोठी फाईल, तयार होती. मी ज्या स्टुडिओत काम करायचे तिथले सिनिअर म्हणाले, "एवढी जड फाईल कशाला? जेपीईजी कर, डोळ्याला काय कळतंय!" त्यांनी स्वतःच ती फोटोशॉपमध्ये क्वालिटी ५ ला सेव्ह केली (तिथे हे माप ० ते १२ असतं). मग बारकोड सरकवला, सेव्ह. हिरवा जरा उजळ केला, सेव्ह. स्पाईन (पुस्तकाचा कणा) दोन मिलिमीटरने वाढला म्हणून चित्र ताणलं, सेव्ह. दरवेळी तीच जेपीईजी उघडून.

५०० प्रती छापून आल्या. आईने पहिली प्रत हातात घेतली, शीर्षकावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "शाई ओली आहे का गं अजून?" शाई केव्हाच वाळली होती. अक्षरांच्या कडा फुटल्या होत्या, लाल हिरव्यात उतरल्यासारखा दिसत होता.

सिनिअरांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "प्रेसवाल्याचं रजिस्टर हललंय." म्हणजे छापताना चार रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत. सगळ्यांनी मान डोलावली. मी छापखान्यात गेले, न कापलेलं एक शीट मागून घेतलं आणि भिंग लावलं. चारही रंगांच्या रजिस्टर खुणा एकावर एक चोख बसल्या होत्या. रजिस्टर हललं की रंग एका बाजूला सरकतो. इथे घाण अक्षराच्या चारी बाजूंनी होती. फाईल ४०० टक्क्यांवर उघडली तर तीच घाण पडद्यावर, लहान लहान चौकटींत.

जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि त्यातला बारीक तपशील गाळते. शिवाय फोटोशॉपमध्ये क्वालिटी ६ आणि त्याखाली, दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून एकच रंग ठेवला जातो. ७ पासून पुढे प्रत्येकाला आपापला. आभाळात, चेहऱ्यात हे खपून जातं. पण माझा लाल आणि तो गर्द हिरवा उजेडाच्या हिशेबात जवळजवळ सारखे होते, अक्षराची कड फक्त रंगावर उभी होती. तीच गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कामाची फाईल जेपीईजीत ठेवायचीच नाही. लेयरसकट पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाईल) किंवा टिफ ठेवा, दुरुस्त्या तिच्यातच करा आणि छापखान्याची प्रत दरवेळी तिच्यातून नव्याने काढा. टिफला एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन द्या, त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. समोरचा जेपीईजीच मागत असेल तर १२ ठेवा, फार तर १०. "फाईल जड होते" ही सबब मी आता कुणाचीच ऐकून घेत नाही. आणि चॅटवर फोटो म्हणून टाकू नका, तिथे तो पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

३०० पीपीआयचंही (दर इंचाला ३०० पिक्सेल) तसंच. नुसता आकडा टाईप करून फोटो मोठा होत नाही, पिक्सेल मोजा. ए-४ पानाला २४८० बाय ३५०८ लागतात, ब्लीडचे (कापण्यासाठी कडेला जास्तीच्या सोडलेल्या भागाचे) तीन-तीन मिलिमीटर वेगळे.

काही गोष्टी मान्य करते. जेपीईजी नुसती उघडून बंद केली तर बिघडत नाही, बदल करून पुन्हा सेव्ह केली की बिघडते. वरच्या क्वालिटीला एकदाच काढलेली जेपीईजी, नुसता फोटो असेल तर, छापल्यावर टिफहून वेगळी ओळखू येणार नाही. आणि शीर्षक मी फोटोत मिसळायलाच नको होतं. अक्षरं इनडिझाईनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) टाईप म्हणून ठेवून पीडीएफ दिली असती तर क्वालिटी ५ नेही त्यांना धक्का लागला नसता. सीएमवायकेचं, म्हणजे छपाईच्या चार रंगांचं, प्रोफाईल छापखान्यालाच विचारा, कागद बदलला की ते बदलतं. पीएनजी मात्र देऊ नका, तिच्यात सीएमवायके नसतंच.

ते सिनिअर अजूनही रजिस्टरच म्हणतात. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी त्याच छापखान्यात, त्याच मशीनवर, मूळ टिफवरून प्लेटा काढून घेतल्या. लाल तोच, हिरवा तोच, कागदही तोच. आईने पुन्हा शीर्षकावरून बोट फिरवलं. या वेळी तिने काही विचारलं नाही, पान उलटलं आणि वाचायला लागली.