किल्ली फिरवली की नुसता 'टक' आवाज येतो, गाडी सुरू होत नाही. बॅटरी बदलू का?

बदलू नका. निदान आज तरी.

तुम्ही लिहिलंय की डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, किल्ली फिरवली की एकदाच 'टक' होतं आणि पुढं काही नाही. बॅटरी दोन वर्षांची आहे आणि गॅरेजवाला फोनवरच 'नवीन टाका' म्हणाला. बोनेट न उघडता बॅटरी ओळखणारी माणसं मला चांगली माहीत आहेत. आमचे दाजी त्यातलेच.

2019 ची गोष्ट. मी कराडचा, वीज खात्यात 31 वर्षं काढून नुकताच रिटायर झालेलो. गाडी वॅगन आर, 2011 ची. गौरी-गणपतीला ताईकडं कोयनानगरला गेलो होतो. त्या वर्षी पाऊस कसा होता ते सांगली-कोल्हापूरकरांना विचारा, आणि कोयनानगर तर साध्या वर्षीसुद्धा दिवाळीपर्यंत वाळत नाही. गाडी चार दिवस अंगणात उभी होती. निघायच्या सकाळी किल्ली फिरवली, टक. पुन्हा फिरवली, टक. ताई दारात उभी, आमची मंडळी मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन आत बसलेली.

दाजी छत्री घेऊन आले आणि लांबूनच म्हणाले, "बॅटरी गेली." दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळं कुठल्याही बिघडलेल्या वस्तूवर त्यांचं मत तयार असतं. मी म्हटलं, "दाजी, हॉर्न तर ठणठणीत वाजतोय." तर म्हणाले, "हॉर्नला काय लागतंय? पाव्हणं, लाईटवाले तुम्ही, आणि मी सांगायचं होय तुम्हाला?"

हे लागलं, कारण बोलणं बरोबर होतं. हॉर्नचं चार-पाच अँपिअरवर भागतं. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, लहान पेट्रोल गाडीतसुद्धा शंभराच्या आसपास लागतात. हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी चांगली, असं कुणी ठरवू नये. मी गप्प बसलो. पण आभाळ भरून आलं होतं म्हणून हेडलाईट चालू होते, आणि सेल्फ मारताना समोरच्या भिंतीवरचा उजेड जरासुद्धा हलला नव्हता. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि तसंच सोडून दिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्हीही आधी हेच करा. हेडलाईट लावा, सेल्फ मारा, भिंतीकडं बघा. उजेड एकदम मेला तर बॅटरी उतरलीय किंवा तिचं टर्मिनल धरत नाही. उजेड तसाच राहिला आणि नुसती टक आली, तर बॅटरीत दम आहे, पण सेल्फचा करंट कुठंतरी अडतोय.

असो. दाजी, भाचा आणि शेजारची दोन पोरं अशा चौघांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, गाडी लागली. दाजी पुढच्या सीटवर बसले आणि आम्ही थेट पाटणला बॅटरीच्या दुकानात. 35 अँपिअर-अवरची नवी बॅटरी, 3,900 रुपये. त्या पोरानं केबली ओढून काढल्या, टर्मिनलं घासली, नवी बॅटरी बसवली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. दाजींनी माझ्याकडं बघितलं, बोलले काही नाहीत. ते न बोलणंच जास्त झोंबलं. जुनी बॅटरी "राहू दे, भंगारात घालतो" म्हणून त्यांनी ठेवून घेतली.

दसऱ्याला कराडात पुन्हा टक. गॅरेजवाला म्हणाला सेल्फ गेलाय. उतरवला, कार्बन ब्रश बदलले, बुश बदलले, 2,200 रुपये. गाडी सुरू. आता मलाही वाटायला लागलं की सेल्फच असणार.

मग भाऊबीज. परत कोयनानगर. ओवाळून झालं, जेवणं झाली, निघायला बसलो आणि टक. दाजी म्हणाले, "पाटणच्यानं बॅटरी जुनीच गळ्यात मारली तुमच्या." मी चिडून पाच-सहा वेळा सेल्फ मारला. बोनेट उघडून भाचा आत वाकला होता, तो एकदम ओरडला, "आई गं! मामा, ही वायर भाजतीय!"

मी उतरून बघितलं. ती वायर नव्हतीच, क्लचची केबल होती. आत पोलादी तार, वर वेटोळं आणि काळं प्लॅस्टिक. तिचा विजेशी काडीचा संबंध नाही. आणि ती चांगली चटका बसेल इतकी तापली होती, प्लॅस्टिकचा वास सुटला होता.

31 वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो, आधी अर्थिंग बघा. आणि स्वतःच्या गाडीचं बघितलं नव्हतं. बॅटरीच्या निगेटिव्हमधून दोन रस्ते निघतात, एक बॉडीला, एक इंजिन-गिअरबॉक्सला. दिवे आणि हॉर्न बॉडीच्या रस्त्यावर चालतात, म्हणून ते ठणठणीत. सेल्फ गिअरबॉक्सवर बसलेला असतो, त्याचा करंट परत जातो तो जाड काळ्या केबलीतून. ती केबल खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो. आमच्याकडं त्याला क्लचची केबल सापडली होती.

दाजींच्याच दुकानातून पिवळा डिजिटल मीटर आणला, 250 रुपयांचा. (त्याचे त्यांनी पैसे घेतले. भाऊबीज होती, तरी.) बॅटरीवर 12.5 व्होल्ट. सेल्फ मारताना 12.2. म्हणजे बॅटरीवर लोडच येत नव्हता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटावर, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर धरली आणि भाच्याला सेल्फ मारायला लावला. 6 व्होल्ट! तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. निम्मी बॅटरी परतीच्या वाटेतच संपत होती. हिशेब साधा आहे: शंभर अँपिअरच्या वाटेत नुसता 0.05 ओहमचा अडथळा आला तरी 5 व्होल्ट तिथंच जातात. हा अडथळा डोळ्याला दिसत नाही.

दुकानातली जंपर केबल (दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर) काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गिअरबॉक्सला. सेल्फ मारला आणि गाडी इतक्या जोरात सुरू झाली की भाचा मागं सरकला. त्या जाड काळ्या केबलीचा बोल्ट खोलला तर तिच्या छिद्राच्या टोकाखाली गंजाचं हिरवं-पांढरं फूल आलेलं, आणि वरचं काळं आवरण सोललं तर आतलं तांबं हिरवं होऊन बोटांनी चुरता येत होतं. नवी केबल 180 रुपये. बॅटरी आणि सेल्फ बदलल्यावर गाडी का सुरू झाली होती? दोन्ही वेळा ती केबल हलली होती, बस. 6,100 रुपये देऊन मी एक वायर हलवून घेतली.

म्हणून सांगतो, मोजल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घेऊ नका. जो मेकॅनिक मीटर काढत नाही तो मेकॅनिक नाही, पार्ट विकणारा आहे. आणि घरात कुणी 'मी सांगतो ना, बॅटरीच' म्हणत असेल, मग तो वयानं मोठा का असेना, त्याला नमस्कार करा आणि मीटर लावा.

आता तुमची बॅटरी खरंच गेलेली असू शकते, हेही सांगायला पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. 12.6 दाखवून सेल्फला साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बहुतेक बॅटरीच गेलीय. मग वॉरंटी कार्ड शोधा, दोन वर्षांची बॅटरी बऱ्याचदा वॉरंटीत असते. सगळं नीट आलं आणि तरी नुसती टक, तर मग सेल्फ उतरवा. तेव्हा मी आड येणार नाही. टर्मिनल खोलताना 10 नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. जंपरचा प्रयोग फक्त काळ्या बाजूला करायचा, लाल टर्मिनलजवळ पाना न्यायचा नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. ऑटोमॅटिक असेल तर धक्क्याचा विचार सोडा. आणि टक यायच्या आधी गाडी बंपरभर पाण्यातून काढली असेल तर सेल्फही मारू नका, धक्काही नको. इंजिनात पाणी असेल तर पिस्टनचा रॉड वाकतो, मग माझी 180 रुपयांची केबल काही कामाची नाही. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

बाकी त्या जुन्या बॅटरीचं राहिलंच. दाजींनी ती भंगारात घातली नाही. त्याच आठवड्यात स्वतःच्या ओम्नीत बसवली आणि 2021 च्या दिवाळीपर्यंत चालवली. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "दाजी, ती गेलेली बॅटरी ना?" तर म्हणाले, "गेलेलीच होती. माझ्याकडं आली म्हणून सुधारली."