पिरान्हा, पिराना की पिरान्या? आणि रूपचंद?

प्रश्न असा आला आहे : मराठीत पिरान्हा लिहावं, पिराना की पिरान्या? आणि बाजारात मिळणारा रूपचंद म्हणजे तोच मासा का?

शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधून, पण इंग्रजी अक्षरांच्या वाटेने आला. पोर्तुगीजमध्ये एन आणि एच ही अक्षरं जोडून आली की उच्चार ‘ञ’ सारखा होतो. म्हणून मूळ उच्चार पिरान्याच्या जवळचा. गोव्यातली नोरोन्हा, कुन्हा ही आडनावं आठवा. लिहिताना न्हा, पोर्तुगीज तोंडी न्या. पिराना हा इंग्रजी उच्चार. तो उचलायचं मला कारण दिसत नाही.

तरीही मी पिरान्हाच लिहितो. न्ह आपल्याला परका नाही. तान्हा, उन्हाळा, न्हाणी यांत तो रोज बोलतो. शिवाय गंमत बघा, विभक्ती लागली की सोफा-सोफ्याचा तसं पिरान्हा-पिरान्ह्याचा होतं आणि हरवलेला य आपसूक परत येतो. अनेकवचन पिरान्हे. ‘पिरान्हाचे दात’ कानाला खटकतं.

मात्र शब्दाचं खरं माहेर ब्राझीलमधली तुपी भाषा. तिथे ‘पिरा’ म्हणजे मासा आणि पुढच्या भागात दात : दातांचा मासा. याच भाषेतून पोर्तुगीजांच्या हाती लागलेले दोन शब्द आपण केव्हाच घरचे करून टाकले, काजू आणि अननस. तेव्हा पिरान्हा हा नात्याने त्यांचा भाऊच.

रूपचंदचा निवाडाही दातच करतात. लाल पोटाच्या पिरान्ह्याचे, म्हणजे शास्त्रीय नावाने पायगोसेंट्रस नाटेरेरीचे, दात त्रिकोणी, धारदार, एका ओळीत आणि वरचे खालच्यांत कात्रीसारखे बसणारे. एका बाजूचे सगळे दात एकदम पडतात आणि खाली तयार असलेले नवे वर येतात. ब्राझीलमध्ये 1817 पासून अठरा वर्षं नमुने गोळा करणाऱ्या योहान नाटेरर या ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासकाचं नाव मत्स्यशास्त्रज्ञ क्नेरने 1858 मध्ये या माशाला दिलं. रूपचंद म्हणजे पाकू नावाचा वेगळा मासा. कूळ एकच, लहानपणी पोटही तसंच तांबूस, पण दात बोथट, आपल्या दाढांसारखे, फळं आणि बिया फोडायला घडलेले. त्यामुळे जाळ्यात पाकू सापडला की ‘पिरान्हा सापडला’ अशी बातमी देणं चूक आहे, आणि ती चूक वारंवार होते.

‘पिरान्ह्यांसारखे तुटून पडले’ हा प्रयोगही मी टाळतो. पिरान्हे मासे खातात, इतर माशांचे पर कुरतडतात, मेलेलं खातात, किडे आणि बियाही खातात. ते थव्याने राहतात खरे, पण केमन (मगरीचे तिथले भाऊबंद), पाणपक्षी आणि नदीतल्या डॉल्फिनपासून जीव वाचवायला. घाबरलेल्यांच्या घोळक्याला ‘पिरान्ह्यांसारखे एकमेकांना बिलगले’ म्हटलं, तर ते माशालाही धरून होईल.